जागल्याची हाक आणि आपण
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेतील भाषण)



महोत्सवाच्या ह्या मंगलसमयी ज्या विषयावर आम्हांस बोलावयास सांगण्यात आले आहे, तो कित्येकांस रुक्ष वाटेल. श्रद्धा देवळात, राजकारण चावडीवर आणि कायदा कचेरीत, अशी तिघांची तीन निराळी घरे आपण मनाशी बांधून ठेविली आहेत. परंतु आपल्या धर्मग्रामातील किती तरी तरुण-तरुणी आज सरकारी कचेऱ्यांत, बँकांत, महानगरपालिकेत व इस्पितळांत नोकरी करितात. त्यांपैकी एखाद्यापुढे खोटे बिल सहीसाठी आले, म्हणजे ह्या तिन्ही घरांच्या भिंती एकदम गळून पडतात. सही करावी तर आत्मा डागाळतो. न करावी तर नोकरी जाते. आणि वर कळवावे तर कधी कधी जीवही जातो.

असा गैरप्रकार जो उघड करितो, त्यास मराठी वृत्तपत्रांनी 'जागल्या' हे नाव दिले आहे. हा शब्द आम्हांस फार समर्पक वाटतो. जुन्या गावगाड्यात जागल्या रात्रीची राखण करी. गाव निजे तेव्हा तो जागे, चोराची चाहूल लागताच आरोळी ठोके, आणि त्याबद्दल गाव त्याच्या पोटाची तजवीज करी. ह्या शेवटल्या गोष्टीकडे आपण सहसा लक्ष देत नाही, म्हणून ती मुद्दाम सांगितली. यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथातील तेहतिसाव्या अध्यायात असाच एक पहारेकरी आहे. तलवार येताना पाहूनही त्याने रणशिंग फुंकले नाही, तर जे रक्त सांडेल त्याचा जाब परमेश्वर त्याच्यापाशी मागणार आहे. म्हणजे बोलणे हा केवळ शूरांचा छंद नव्हे. पाहणाऱ्यावर ते बंधन आहे.

येथे कोणी विचारील की, ही चहाडी नव्हे काय? शंका योग्य आहे. आपली श्रद्धा खोट्या साक्षीचा तर निषेध करितेच, परंतु दुसऱ्याचा खरा दोषसुद्धा सबळ कारणावाचून चारचौघांत सांगणे पाप आहे, असेही शिकविते. संत मत्तयच्या अठराव्या अध्यायात प्रभूने क्रम लावून दिला आहे: आधी एकांतात, मग दोघातिघांसमक्ष, आणि त्यानंतर मंडळीपुढे. आमच्या समजुतीप्रमाणे भेद असा आहे. ज्याच्या हाती उपाय नाही त्याच्या कानात चहाडखोर सांगतो. ज्याच्या हाती उपाय आहे त्याच्यापुढे साक्षीदार उभा राहतो. (आपल्या विहिरीवर आणि देवळाच्या पायऱ्यांवर पहिल्या प्रकारची तूट कधीच नव्हती.) आणि दानिएलाच्या ग्रंथातील सुसान्नेची कथा आपणांस ठाऊकच आहे. तेथे आरोप करणारे दोघे वडीलधारे होते, प्रतिष्ठित होते, आणि तरीही खोटे होते. दानिएलाने दोघांस वेगवेगळे करून प्रश्न विचारिले, तेव्हा निरपराध स्त्रीचे प्राण वाचले. म्हणून तक्रारदाराचे रक्षण आणि तक्रारीची पारख ही दोन्ही कामे कायद्याने करावयाची असतात.

आता एका तरुणाची हकीकत सांगतो. सत्येंद्र दुबे हा बिहारमधील, कानपूरच्या आय. आय. टी.तून स्थापत्यशास्त्र शिकून बाहेर पडलेला अभियंता. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या नोकरीत असता, सुवर्ण चतुष्कोण महामार्गाच्या झारखंडातील कामावर त्यास मोठा गैरव्यवहार आढळला. नोव्हेंबर २००२ मध्ये त्याने थेट पंतप्रधानांस पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली. ते पत्र त्याच्या नावासकट मंत्रालयात व प्राधिकरणाच्या कचेरीत फिरले. २७ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे गया शहरात त्यास गोळी घालून ठार करण्यात आले. वय अवघे तिशीच्या घरात. तपासयंत्रणेने हे लुटारूंचे कृत्य ठरविले व २०१० साली न्यायालयाने तिघांस दोषी धरिले. पत्राचा आणि गोळीचा संबंध न्यायालयात सिद्ध झालेला नाही, आणि जे सिद्ध नाही ते ह्या व्यासपीठावरून आम्ही सांगणार नाही. परंतु नाव झाकण्याची विनंती केलेल्या माणसाचे नाव टेबलाटेबलावरून फिरले, एवढे निर्विवाद आहे, आणि आमचे म्हणणे तेवढ्यापुरतेच आहे. आपल्या महाराष्ट्रात जमिनीचे गैरव्यवहार बाहेर काढणारे तळेगाव दाभाडे येथील सतीश शेट्टी यांचाही १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरावयास गेले असता खून झाला. त्यांनी पोलिसांचे संरक्षण मागितले होते.

दुबे गेल्यावर देश हळहळला. विधि आयोगाने तर २००१ सालीच अशा कायद्याचा मसुदा सरकारला सादर केला होता. सर्वोच्च न्यायालयाने कान उपटल्यावर २१ एप्रिल २००४ रोजी केंद्र सरकारने एक ठराव काढिला आणि असल्या तक्रारी स्वीकारण्याचे काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपविले. कायद्याचे विधेयक २०१० मध्ये आले. लोकसभेने ते डिसेंबर २०११ मध्ये व राज्यसभेने फेब्रुवारी २०१४ मध्ये मंजूर केले. ९ मे २०१४ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. कायदा वाईट नाही. तक्रारदाराचे नाव फोडणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तक्रारीमुळे छळ झाला असे तक्रारदार म्हणाला, तर तो छळ नव्हे हे सिद्ध करण्याचा भार वरिष्ठांवर टाकिला आहे. जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्यासही दोन वर्षांपर्यंत कैद आहे. सुसान्नेच्या वाट्याला आले ते कोणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून. फक्त एक गोष्ट राहिली: कायदा मंजूर होऊन दहा वर्षे लोटली, तरी तो अंमलात आणण्याचा दिवस सरकारने जाहीर केला नाही.

हा दोष कोणत्या पक्षाचा? दुबे यांचे पत्र एका आघाडीच्या राजवटीत फिरले. दुसऱ्या आघाडीने कायदा केला, पण त्यास चार वर्षे लाविली. संमतीनंतर काही दिवसांतच राजवट बदलली आणि पहिल्या आघाडीचे सरकार पुन्हा आले. त्याने कायदा लागू करण्याऐवजी, जागल्यास तोंड उघडता येणार नाही अशा बाबींची लांब यादी जोडणारी दुरुस्ती २०१५ मध्ये लोकसभेत मंजूर करून घेतली. ती राज्यसभेत अडकली व २०१९ मध्ये लोकसभेबरोबर निकालात निघाली. विरोधात असता प्रत्येक पक्षास जागल्या देवदूत वाटतो. खुर्चीवर बसल्यावर तोच घरभेद्या दिसू लागतो. दावीद राजास त्याचे पाप तोंडावर सांगणारा नाथान काही विरोधी पक्षाचा पुढारी नव्हता. तो राजाचा हितचिंतक होता, आणि दावीदाचे मोठेपण हे की त्याने नाथानास तुरुंगात धाडिले नाही. हेरोदाने संत योहान बाप्तिस्ताचे काय केले ते आपण जाणतो.

आपली ख्रिस्तसभा कोणत्याही राजकीय व्यवस्थेशी बांधलेली नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली स्पष्ट केले. धर्मगुरूंनी सामान्यतः पक्षकार्यात सक्रिय भाग घेऊ नये असा धर्मसभेचा नियम आहे. प्रापंचिकांस मात्र ते क्षेत्र मोकळे आहे, आणि त्यांनी तेथे अवश्य जावे. परंतु आपल्या पक्षाच्या माणसाचे लबाडीचे काम दिसले असता जो डोळे मिटतो, आणि दुसऱ्या पक्षाचे दिसताच रणशिंग फुंकतो, त्यास यहेज्केलाचा पहारेकरी म्हणता येणार नाही.

सरकारास उपदेश करिताना आपल्या घरातील केरही पाहिला पाहिजे. लहान मुलांवर अत्याचार झाले असता बोलणाऱ्यांस गप्प बसविण्याची लाजिरवाणी रीत अनेक देशांतील ख्रिस्तसभेत होती. पोप फ्रान्सिस ह्यांनी मे २०१९ मध्ये फर्मान काढून असे प्रकार कळविणे धर्मगुरूंवर व व्रतस्थांवर बंधनकारक केले. कळविणाऱ्यास त्रास देण्याची व त्याजवर मौन लादण्याची मनाई केली. पापनिवेदनाची गुप्तता मात्र अबाधित ठेविली. २०२३ मध्ये हे नियम कायमचे झाले. हे फार उशिरा झाले असे आमचे मत आहे, आणि ते देवळाच्या अंगणात उभे राहून सांगण्यात आम्हांस संकोच वाटत नाही.

आता व्यवहाराचे. केंद्र सरकारच्या खात्यात, त्याच्या महामंडळात वा सरकारी बँकेत असलेल्यांनी २००४ च्या ठरावाचा उपयोग करावा. तक्रार बंद पाकिटातून दक्षता आयोगाच्या सचिवांकडे धाडावी. ती जनहितार्थ प्रकटीकरणाच्या ठरावाखाली आहे असे पाकिटावर ठळक लिहावे. तसे न लिहिल्यास नाव गुप्त राहण्याची हमी नाही. पाकिटावर स्वतःचे नाव मुळीच घालू नये. आतल्या पत्रात मात्र नाव व पत्ता द्यावा, कारण निनावी पत्राची दखल घेतली जात नाही. आणि ज्याने असे पाकीट धाडिले, त्याची बदली किंवा निलंबन झाले, तर त्याच्या मुलांची शाळेची फी व घरातील धान्य ह्यांची तजवीज करण्यास आपली संत व्हिन्सेंट दी पॉल संस्था आहे. गाव जागल्याच्या पोटाकडे पाही, तसेच हे आहे.

महानगरपालिकेत व राज्य सरकारच्या खात्यांत काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींस मात्र ह्या पाकिटाचा उपयोग नाही. तो ठराव त्यांस लागू होत नाही. त्यांच्यासाठी २०१४ चाच कायदा हवा. म्हणून मते मागावयास जो जो आपल्या दारी येईल, त्यास खुशाल ओटीवर बसवावे, पाणी द्यावे आणि तो कोणत्याही पक्षाचा असला तरी विचारावे की, तो कायदा लागू होण्याची तारीख आपण केव्हा जाहीर करविणार?