फाडलेला बेदावा



आपल्या मराठवाड्यात नवस राहून गेला की घर हवालदिल होतं. माळेगावच्या खंडोबाला बोललेलं, माहूरच्या रेणुकेला कबूल केलेलं विसरलात, म्हणून लेकराचा ताप उतरत नाही, असं घरातली म्हातारी सांगते; आणि पहिली एसटी धरून नवस फेडला जातो. देवाला दिलेल्या शब्दाची ही चाड मला मोलाची वाटते. पण भावकीत शब्द मोडला तर तितक्याच लगबगीने आपण त्या भावाच्या दारात जातो का? गोदावरीत बुडी मारून पाप धुतलं म्हणतो, तेव्हा त्याचा कोरलेला बांध तसाच राहिलेला असतो.

देवाची क्षमा आणि माणसाची क्षमा एकमेकींना कुठे भेटतात, हे मला नांदेडच्या इतिहासात दिसतं.

पुढे नांदेडला आलेल्या गुरू गोविंदसिंगांचा आनंदपूरचा किल्ला मोगल आणि पहाडी राजांच्या फौजांनी महिनोन् महिने वेढला होता. दाणागोटा संपला. तेव्हा चाळीस शिखांनी, परंपरा सांगते, बेदावा लिहून दिला: तुम्ही आमचे गुरू नाही, आम्ही तुमचे शीख नाही. आणि ते घरी गेले. त्यांना मी भेकड म्हणणार नाही. उपाशी पोटाची परीक्षा ज्याने दिलेली नाही, त्याने तो शब्द वापरू नये. पुढे शत्रूने शपथा घेतल्या, किल्ला सोडा, वाटेत हात लावणार नाही. गुरू बाहेर पडले आणि हल्ला झाला. कुटुंबाची ताटातूट झाली. चारही मुलगे गेले. थोरले दोघे चमकौरच्या लढाईत, धाकटे दोघे सरहिंदला.

एकाच काळात शब्द मोडणारे हे दोन प्रकारचे लोक. गुरू दोघांशी कसे वागले?

औरंगजेबाला त्यांनी फारसीत पत्र लिहिलं, जफरनामा. कुराणावर हात ठेवून घेतलेली शपथ तुझ्या माणसांनी मोडली, याचा जाब त्यात आहे. मला अधिक मोठी वाटते ती त्यातली दुसरी गोष्ट: ये, समोरासमोर बोलू, हे आमंत्रण. पत्र घेऊन भाई दयासिंग आणि भाई धरमसिंग दख्खनेत आले. गुरूही दक्षिणेकडे निघाले. पण वाटेतच बातमी आली. 1707 मध्ये अहमदनगरला बादशहा वारला. आपल्या खुलताबादला त्याची कबर आहे. ती भेट झालीच नाही.

त्या चाळीसजणांचं मात्र वेगळं झालं. पंजाबच्या माझा भागातल्या माई भागोने त्यांना गाठलं, खडसावलं आणि परत नेलं. खिदराण्याच्या तळ्याकाठी ते लढले आणि पडले. शेवटच्या घटका मोजणाऱ्या महानसिंगाला गुरूंनी विचारलं, काय हवं? त्याने एवढंच मागितलं की तो कागद फाडा. गुरूंनी फाडला. ते ठिकाण आज मुक्तसर म्हणून ओळखलं जातं.

क्षमा मिळाली म्हणून त्यांची कबुली सैल झाली नाही, हे ध्यानात घ्या. लातूर-औशाकडच्या माळकरी घरांना हे नव्याने सांगायला नको. माळ उतरवलेला माणूस पुन्हा घालायला येतो, तेव्हा महाराज त्याला परत जवळ घेतात. पण एकादशी तीच, वारी तीच, मद्यमांसाची बंदीही तीच. सवलत मागणाऱ्याला मी क्षमा मागणारा मानत नाही. आणि ज्याचा शब्द मोडला त्याला टाळून थेट देवाकडे धावणाऱ्यालाही नाही. महानसिंगाने देवाची करुणा भाकली असेलही, पण कागद ज्यांच्या हाती होता त्यांच्यापुढे त्याने मागणं मांडलं.

या कथेत आपण माई भागोला विसरतो. तिने बेदाव्यावर सही केली नव्हती, तिचं कुणी काही मोडलं नव्हतं. तरी रुसलेल्या दोन बाजूंमध्ये ती उभी राहिली. भावकीच्या भांडणात असं माणूस घरोघरी लागतं, आणि बहुधा ती घरातली बाईच असते. पुढे ती गुरूंबरोबर नांदेडला आली. 1708 मध्ये गुरूंनी तिथेच देह ठेवल्यावर ती बीदरजवळच्या जनवाड्याला राहिली. उदगीरकरांना ते लांब नाही. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याचं दर्शन घ्याल तेव्हा त्याच आवारात तिचीही जागा आहे, तिथेही जा.