नेत्रदान घडविणारे हात

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत युवक-युवतींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



व्यवसाय-मार्गदर्शनासाठी एका कापड व्यापाऱ्याला उभे करण्याचे धाडस विश्वस्तांनी केले आहे. माझे शिक्षण बी.कॉम., तेही धुळ्यात वडिलांच्या गादीवर बसून जमेल तसे पुरे केलेले. डॉक्टर, इंजिनीअर, सी.ए. या वाटांविषयी बोलण्यास माझ्यापेक्षा अधिकारी माणसे याच सभागृहात बसली आहेत. म्हणून मी अशा एका कामाविषयी बोलणार आहे, जे आपली मुले सहसा निवडत नाहीत. नेत्रदानाचा आपल्या समाजाला सार्थ अभिमान आहे. कुणाच्या निधनाची बातमी देताना ‘त्यांचे मरणोत्तर नेत्रदान करण्यात आले’ हे वाक्य आपण आवर्जून घालतो. परंतु ते ‘करण्यात आले’ म्हणजे नेमके कोणी केले, हा प्रश्न आपण विचारत नाही. नावे घेणारे व्याकरण तिथे संपते.

माझे वडील १९९७ च्या मे महिन्यात धुळ्याला वारले. रात्री साडेअकराची वेळ होती. घरात आक्रोश, नातलगांना तारा-टेलिफोन, जळगाव-मालेगावहून येणाऱ्यांची वाट पाहणे, आणि सकाळी नऊ वाजता अंत्ययात्रा. उठावण्याच्या दिवशी उधारीच्या वह्या पाहाव्यात म्हणून मी तिजोरी उघडली, तर सर्वांत वरच्या खातेवहीत घडी घातलेला कागद सापडला. वडिलांनी कुठल्याशा शिबिरात भरलेले नेत्रदानाचे संकल्पपत्र होते ते. खाली साक्षीदार म्हणून सही माझीच होती! मी सही करून विसरून गेलो होतो. ज्या माणसाने आयुष्यात कुणाचे देणे एक दिवस उशिरा दिले नाही, त्याचे शेवटचे देणे त्याच्या मुलाने बुडविले. त्याचा हिशेब आजतागायत माझ्या नावे उभा आहे.

पुढे मी यातील माहिती गोळा करू लागलो, आणि ध्यानात आले की संकल्पपत्र ही केवळ सुरुवात आहे. मृत्यूनंतर जवळच्या नातलगांची संमती लागते. संकल्पपत्र भरलेले नसले तरी नातलग संमती देऊ शकतात. आणि हे सारे साधारणपणे सहा तासांच्या आत व्हावे लागते. डोळ्याच्या पुढच्या भागी घड्याळाच्या काचेसारखा जो पारदर्शक पडदा असतो, तो कॉर्निया म्हणजे स्वच्छपटल. त्याची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर. त्याच्या आतल्या बाजूस पेशींचा एकच थर असतो आणि माणसाच्या डोळ्यात त्या पेशी पुन्हा निर्माण होत नाहीत. मृत्यूनंतर घटकेघटकेला त्या कमी होत जातात. आपल्या खान्देशात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा तर सहा तासांची वाटही पाहू नये. अशा वेळी घरचे मायेपोटी पार्थिवावर पंखा लावतात. नेमके तेच करावयाचे नसते. पंखा बंद करावा, पापण्या मिटाव्यात, त्यांवर ओल्या कापसाचे बोळे किंवा बर्फ ठेवावा, डोके उशीवर थोडे उंच ठेवावे आणि नेत्रपेढीला फोन करावा. जळगावात केशवस्मृती प्रतिष्ठानची मांगीलालजी बाफना नेत्रपेढी आहे, हे आपणांस ठाऊक आहेच. तिचा क्रमांक मात्र किती घरांत लिहून ठेवला आहे, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

फोन केल्यावर कोणीतरी यावे लागते. माझ्या विषयाचा गाभा हाच आहे. व्यापारात माल देणारा आणि घेणारा यांच्यामधल्या माणसाला आपण अडत्या म्हणतो आणि त्याच्यावाचून बाजार चालत नाही, हेही जाणतो. दानाच्या बाबतीत मात्र मधला माणूस आपल्याला दिसेनासा होतो.

मला तो २०१६ च्या डिसेंबरात दिसला. माझ्या आईचे जळगावला पहाटे दोन वाजता निधन झाले. या खेपेस आम्ही चुकलो नाही. तासाभरात एक डॉक्टर आणि त्यांच्यासोबत एक तरुण तंत्रज्ञ आले. दोघांनीही उंबऱ्याबाहेर पादत्राणे काढली. तंत्रज्ञाने प्रथम आईला हात जोडले, मग हलक्या आवाजात विचारले, “घरात निर्णय सर्वांच्या विचाराने झाला आहे ना?” मृत्यूचा दाखला पाहिला, आजाराचा इतिहास विचारला, संमतिपत्रावर माझी व साक्षीदारांची सही घेतली. कावीळ, एच.आय.व्ही. अशा रोगांच्या तपासणीसाठी थोडे रक्त घेतले. वीस मिनिटांत काम आटोपले. आम्ही आत गेलो तेव्हा आई झोपल्यासारखी दिसत होती. ना डाग, ना व्रण. तो मुलगा जाताना पाणीही प्यायला नाही, बर्फाच्या पेटीकडे बोट दाखवून म्हणाला, “हे आधी पोहोचले पाहिजे.”

दाराशी माझी पुतणी उभी होती. त्या वर्षी ती दहावीला होती. तिने विचारले, “काका, हे काम शिकवतात कुठे?” आजीच्या मृत्यूच्या रात्री हा कसला प्रश्न, म्हणून मी तिच्यावर रागावलो.

ते कुठे शिकवतात, हे आता सांगतो. पूर्वी मृतदेहातून नेत्र काढण्याचा अधिकार केवळ नोंदणीकृत डॉक्टरांनाच होता. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा १९९४ चा जो कायदा आहे, त्यात २०११ साली दुरुस्ती झाली. ती २०१४ मध्ये अमलात आली आणि ठरवून दिलेली पात्रता व प्रशिक्षण असलेल्या तंत्रज्ञालाही कॉर्निया संकलनाची मुभा मिळाली. त्याच दुरुस्तीने कायद्याच्या नावातच ‘ऊती’ हा शब्द आला. कॉर्निया, त्वचा, अस्थी, हृदयाच्या झडपा या सर्व ऊती. नेत्रतंत्राचे किंवा ऑप्टोमेट्रीचे शिक्षण घेतलेल्यांना या कामात प्रवेश सुलभ होतो. प्रत्यक्ष नेत्रपेढीचे प्रशिक्षण हैदराबादच्या एल.व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेसारख्या ठिकाणी मिळते. तेथील रामायम्मा आंतरराष्ट्रीय नेत्रपेढी १९८९ पासून कार्यरत आहे.

नेत्र आणले की काम संपले, असे नाही. पेढीत कॉर्निया सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात आणि आतल्या थरातील पेशी दर चौरस मिलिमीटरला किती आहेत, हे मोजतात. आम्ही कापडाचे सूत भिंगाखाली मोजतो, त्याची मला आठवण झाली. मग पोषक द्रवात घालून तो शीतपेटीत ठेवतात. एका प्रकारच्या द्रवात तो चार दिवस टिकतो, दुसऱ्यात चौदा दिवसांपर्यंत. प्रत्येक ऊतीला क्रमांक असतो आणि दात्यापासून रुग्णापर्यंतचा तिचा माग कागदावर राहतो. आमच्या रोजमेळात एखादी नोंद राहिली तर फार तर रात्री डोके धरून बसावे लागते. तिथे नोंद चुकली तर रुग्णाच्या जिवाशी गाठ आहे. आणि या सर्व व्यवहारात मालाला किंमत नाही! ऊतींची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. पगार मिळतो तो श्रमाचा व कौशल्याचा. चाळीस वर्षे दराची घासाघीस केलेल्या माणसाला असा बाजार पाहून काय वाटले असेल, याची आपण कल्पना करा.

या विद्येला मोठा इतिहास आहे. कॉर्नियाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण एडुआर्ड त्सिर्म या डॉक्टरांनी ७ डिसेंबर १९०५ रोजी आजच्या चेक प्रजासत्ताकातील ओलोमोउत्स गावी, एका मजुराच्या डोळ्यावर केले. भारतातील पहिली नेत्रपेढी १९४५ मध्ये मद्रासला निघाली. आज शल्यचिकित्सक केसाहूनही बारीक अशा नायलॉनच्या धाग्याने कॉर्निया शिवतात, आणि कित्येकदा एकाच कॉर्नियाचे थर वेगळे करून दोन रुग्णांना दृष्टी देतात.

डोळ्यांखेरीज त्वचेचेही दान होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी पोहोचलेली नाही. मांडी, पाय, पाठ यांवरून त्वचेचा केवळ पातळ वरचा थर घेतात, तोही सहा तासांच्या आत. रक्तगट जुळावा लागत नाही. ग्लिसरीनमध्ये ती काही वर्षे टिकते आणि भाजलेल्या रुग्णाच्या उघड्या जखमेवर आच्छादन म्हणून उपयोगी पडते. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात त्वचापेढी २००० साली सुरू झाली. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही ती आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाची ऊतीपेढी त्याहून जुनी, १९८८ ची. तेथे अस्थी आणि प्रसूतीनंतर टाकून दिले जाणारे गर्भवेष्टनाचे पातळ आवरण यांवर गॅमा किरणांनी निर्जंतुक करण्याची प्रक्रिया करतात. कापड विकणाऱ्या माझ्यासारख्यालाही या वस्त्राची कल्पना नव्हती.

आता माझ्या बी.कॉम. बंधू-भगिनींसाठी. रुग्णालयात मेंदूमृत रुग्णाच्या नातलगांशी बोलणारा, कागदपत्रे, डॉक्टर, पोलीस, वाहन या सर्वांचा मेळ घालणारा जो अधिकारी असतो, त्याला प्रत्यारोपण समन्वयक म्हणतात. २०१४ च्या नियमांनी त्यासाठी डॉक्टर किंवा परिचारिका यांच्याबरोबरच कोणत्याही विषयाचा पदवीधर पात्र ठरविला आहे. समाजकार्य, समाजशास्त्र अशा विषयांतील पदव्युत्तर शिक्षण असल्यास प्राधान्य. म्हणजे कायद्याने माझ्यासाठीही दार उघडे ठेवले होते, मीच गल्ल्यावर बसून राहिलो! चेन्नईची मोहन फाउंडेशन ही १९९७ साली स्थापन झालेली संस्था समन्वयकांचे प्रशिक्षण देते. सुरुवातीचा पगार डोळे दिपविणारा नसतो, हे मी लपविणार नाही. रात्री-अपरात्री बोलावणे येते. नातलग कधी अंगावर धावून येतात. ज्याच्या घरी आत्ताच मृत्यू झाला आहे त्याच्याशी दोन मिनिटांत काय बोलावे आणि काय बोलू नये, हे पुस्तकातून येत नाही. ज्याला गिऱ्हाइकाचा चेहरा वाचता येतो, आणि गिऱ्हाईक ‘नको’ म्हणाले तर हसतमुखाने थान घडी करून ठेवता येते, त्याला हे लवकर जमते असे माझे मत आहे. आपल्या घरांत हे शिक्षण फुकट मिळते.

दोन शंका आपल्याच वडीलधाऱ्यांकडून नेहमी येतात. देह लवकर अग्नीच्या स्वाधीन व्हावा, त्यात जीवोत्पत्ती होऊ नये, ही आपली धारणा आहे आणि तिचा आदर राखला पाहिजे. परंतु वीस मिनिटांचे हे काम तिरडीची तयारी चालू असतानाच होते. उशीर होतो तो दूरच्या नातलगांसाठी थांबल्याने. दुसरी शंका पुढील जन्मी अंधत्व येण्याची. आपले शास्त्र तर सांगते की औदारिक शरीर इथेच राहते. जीवाबरोबर जातात ती तैजस आणि कार्मण शरीरे. मग चितेत जळणारा डोळा पुढच्या जन्मी कसा उपयोगी पडणार, हे मला कोणी समजावून द्यावे.

हे सर्व मी आज मोठ्या आवाजात सांगतो आहे, परंतु माझ्याच घरात माझी जीभ अडखळली. ती पुतणी बी.कॉम. झाली, नंतर तिने एम.एस.डब्ल्यू. केले आणि आता ती एका नेत्रपेढीसाठी रुग्णालयांत समुपदेशक म्हणून काम करते. तिच्या लग्नाचा बायोडाटा तयार करण्याचे काम थोरला या नात्याने माझ्याकडे आले. मी लिहिले : ‘नोकरी – हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन’. शवागाराच्या दाराशी उभी राहणारी मुलगी, हे स्थळ पाहणाऱ्यांना कसे सांगावे? तिने तो कागद पाहिला. काही बोलली नाही. छापून आलेल्या पन्नास प्रती तिने एका रात्रीत पुढे घेतल्या आणि प्रत्येकीवर ती ओळ खोडून शाईने लिहिले : ‘नेत्रदान समुपदेशक’. सकाळी तो गठ्ठा माझ्या गादीवर ठेवला. मी आयुष्यात टेरिकॉटवर सुती म्हणून शिक्का मारला नाही, आणि घरच्या मुलीवर मात्र दुसरेच लेबल लावले होते.

त्या पन्नास प्रतींपैकी काही आपल्या घरांतही आल्या असतील. एका ठिकाणाहून निरोप आला की मुलगी उत्तम आहे, केवळ तेवढे काम सोडावे. आम्ही नम्रपणे नकार कळविला. तो नकार तिच्या वडिलांनी नव्हे, मी स्वतः फोन करून दिला. नातलगांत त्यावर बरेच बोलले गेले आणि अजूनही बोलले जाते. बोलणाऱ्यांपैकी काहीजण इथे बसले आहेत, त्यांच्याविषयी माझ्या मनात किंतु नाही. दोन वर्षांपूर्वी मीही तेच बोललो असतो.

या वाटेची चौकशी करावयाची असेल त्यांनी मला विचारू नये, माझी माहिती इथे संपली. ती मुलगी आज मागच्या रांगेत दाराजवळ बसली आहे. कार्यक्रमानंतर ती प्रश्नांची उत्तरे देईल. तिला फोन आला तर मात्र ती मध्येच उठून जाईल, तेव्हा कृपया वाट करून द्यावी.

जय जिनेंद्र.