हिशेबाची वही आणि परिचारिकेचा हात



'युजेनिक्स' ऊर्फ सुप्रजननशास्त्र ही संज्ञा फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज विद्वानाने १८८३ साली रूढ केली. 'उत्तम' वंश वाढवावा, 'हीन' वंश रोखावा, हा तिचा आशय. हीन कोण, हे ठरविण्याचा अधिकार मात्र प्रथमपासून सुस्थित वर्गाकडेच राहिला. १९३३च्या कायद्यान्वये नाझी जर्मनीने सुमारे चार लाख माणसांचे सक्तीने निर्बीजीकरण केले, हे अनेकांस ठाऊक आहे. त्यामागील जमाखर्चाची दृष्टी तितकीशी ठाऊक नाही.

वेड्यांच्या इस्पितळास साठ लाख मार्क लागतात. पंधरा हजारांचे एक, अशी किती घरे त्यात झाली असती? शाळकरी मुलांना घातलेले हे गणित! पुढे गणित प्रत्यक्षात उतरले. १९४० व १९४१ साली ७०,२७३ मनोरुग्ण व अपंग विषारी वायूने मारले गेले. त्यांच्या मृत्यूमुळे दहा वर्षांत किती बटाटे, किती पाव, किती मुरंबा वाचेल, याचा तक्ता ऑस्ट्रियातील हार्टहाइम येथे सापडला. एकूण बचत: ८८ कोटी मार्कांहून अधिक.

हिशेब वरिष्ठांचा, हात कोणाचे? ऑगस्ट १९३९च्या आदेशाने व्यंग असलेल्या अर्भकांची वर्दी देणे सुइणींवर बंधनकारक झाले. प्रत्येक वर्दीस दोन मार्क मिळत. ऑगस्ट १९४१मध्ये वायुगृहे थांबली, पण हत्या थांबली नाही. ती इस्पितळांच्या खोल्यांतून, उपासमारीने आणि औषधाच्या जादा मात्रेने चालू राहिली. मेझेरिट्झ-ओब्रावाल्डे येथे परिचारिका रुग्णाला उठवून बसवीत आणि पेला ओठांशी धरीत. काम न करू शकणारे, शुश्रूषेचा भार वाढविणारे रुग्ण आधी निवडले जात. श्रमशक्ती हीच जेथे माणसाची किंमत, तेथे दुसरे काय होणार?

तेथील एक डॉक्टर व एक परिचारिका यांना १९४७ साली देहदंड झाला. परंतु १९६५ साली म्युनिकच्या न्यायालयासमोर आलेल्या चौदा परिचारिका निर्दोष सुटल्या. आज्ञापालन हेच आपले शिक्षण, असे त्यांच्यापैकी अनेकींचे म्हणणे होते. त्यात तथ्य नव्हते असे नाही. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेच्या १९५३च्या आचारसंहितेत, अनैतिक कृत्यास नकार देण्याच्या कर्तव्याशेजारीच, डॉक्टरांच्या आज्ञा निष्ठेने पाळण्याचे बंधन होते. परिचारिकेची पहिली जबाबदारी शुश्रूषेची गरज असलेल्या माणसाशी आहे, अशी शब्दयोजना संहितेत आली ती १९७३ साली. म्युनिकच्या निकालानंतर आठ वर्षांनी.