वर की खाली?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, कविता लिहिणाऱ्या माणसानं विमानांविषयी बोलावं याचं तुम्हाला नवल वाटेल. पण माझा भाचा वैमानिक आहे. सुट्टीत घरी आला की माझ्या नव्या कवितांपासून सुटका करून घेण्यासाठी तो मला आकाशातल्या गोष्टी सांगत बसतो. त्यातली एक मला सोडत नाही, कारण ती शब्दांची आहे.

१२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ मला आठवते. हरियाणातल्या चरखी दादरीजवळ सौदी अरेबियाचं आणि कझाकस्तानचं अशी दोन विमानं एकमेकांवर आदळली. ३४९ माणसं गेली, एकही वाचलं नाही. सौदी विमानाला १४ हजार फुटांवर थांबायला सांगितलं होतं, कझाक विमानाला १५ हजारांवर. कझाक विमान त्याखाली उतरलं. आमच्या कोकणातल्या मोहल्ल्यात घरटी एक माणूस आखातात. विमान दिल्लीहून निघालेलं, आमची माणसं मुंबईहून जाणारी. तरी त्या रात्री एसटीडी बूथपुढे रांग लागली होती.

त्या दोन्ही विमानांत टक्कर टाळणारं यंत्र नव्हतं. टीकॅस म्हणतात त्याला. हे यंत्र आसपासच्या विमानांना रेडिओवरून सतत हाका मारतं. त्यांच्याकडून येणाऱ्या उत्तरांवरून ती किती दूर आहेत, किती उंचीवर आहेत आणि गाठ पडायला किती सेकंद उरलेत, याचा हिशेब करतं. समोरासमोर येणारी दोन जेट विमानं दर सेकंदाला अर्धा किलोमीटर जवळ येतात. उंचावर साधारण पाऊण मिनिट आधी ते ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ असं बजावतं. मग सरळ हुकूम: ‘क्लाइम्ब, क्लाइम्ब’, म्हणजे वर जा, किंवा ‘डिसेंड, डिसेंड’, म्हणजे खाली उतर. दोन्ही विमानांतली यंत्रं आपसात ठरवून घेतात. एकाला वर पाठवलं की दुसऱ्याला खाली. वैमानिकानं पाच सेकंदांत हुकूम पाळायचा असतो. बहुतेक विमानांत त्यासाठी ऑटोपायलट काढून हातानं विमान वळवावं लागतं.

ऐकायला सोपं. पण त्याच क्षणी कानात दुसरा आवाज असेल तर? जमिनीवरच्या नियंत्रकाचा? ज्याचं ऐकायचं हे वैमानिकाच्या हाडीमाशी भिनलेलं असतं, त्या माणसाचा?

३१ जानेवारी २००१ रोजी जपानच्या आकाशात हेच झालं. शिकाऊ नियंत्रकानं विमानाचा क्रमांक चुकवला आणि एकाला द्यायचा ‘खाली या’ हा आदेश दुसऱ्याला दिला. त्या विमानातलं यंत्र ‘वर’ म्हणत होतं. वैमानिकानं माणसाचं ऐकलं. दुसरं विमान यंत्राचं ऐकून खालीच येत होतं. अगदी शेवटी नुसत्या डोळ्यांनी पाहून वैमानिकानं विमान वाचवलं. दोन्हींत मिळून ६७७ माणसं होती. जखमी झाली सुमारे शंभर, पण घरी गेली सगळी.

जगाला यातून शहाणं व्हायला दीड वर्ष मिळालं होतं. १ जुलै २००२ च्या रात्री दक्षिण जर्मनीत युबरलिंगेनजवळ एक रशियन विमान आणि एक मालवाहू विमान समोर आलं. रशियन विमानात बहुतेक शाळकरी मुलं होती, बाश्कोर्तोस्तानमधली, सुट्टीसाठी स्पेनला निघालेली. झुरिचच्या केंद्रात त्या वेळी एकच नियंत्रक दोन पडद्यांवर काम पाहत होता. टेलिफोनची मुख्य यंत्रणा दुरुस्तीसाठी बंद होती. त्यानं रशियन विमानाला सांगितलं, खाली या. यंत्रानं सांगितलं, वर जा. सहवैमानिकाच्या ते लक्षात आलं होतं, तो बोललाही. पण नियंत्रक खाली उतरवतोय, असं उत्तर त्याला मिळालं. मालवाहू विमान यंत्राच्या हुकमानं खालीच उतरत होतं. ७१ जण गेले.

वैमानिक हट्टी होता, असं म्हणून मोकळं होता येत नाही. कोणाचं ऐकायचं याविषयीचे नियमच तेव्हा अपुरे आणि काही ठिकाणी परस्परविरोधी होते, हे जर्मन चौकशीत स्पष्ट झालं. आंतरराष्ट्रीय नियम २००३ साली सुधारला: नियंत्रक उलट सांगत असला तरी यंत्राचा हुकूम पाळायचा.

आता शब्दांची गोष्ट. त्या यंत्राचा एक हुकूम होता: ‘ॲडजस्ट व्हर्टिकल स्पीड, ॲडजस्ट’. चढण्या-उतरण्याचा वेग जुळवून घ्या. अभिप्रेत होतं, वेग कमी करा. पण ‘जुळवून घ्या’ म्हणजे नेमकं काय? काही वैमानिकांनी उलटा अर्थ घेतला आणि वेग वाढवला. २००८ साली ठरलेल्या नव्या आवृत्तीत तो हुकूम गेला. त्या जागी आलं ‘लेव्हल ऑफ’, म्हणजे विमान सपाट करा. युरोपात ही आवृत्ती डिसेंबर २०१५ पासून सक्तीची झाली.

मोघमपणा हा आमच्या धंद्याचा मालमसाला. एका शब्दातून चार अर्थ निघाले की मुशायऱ्यात दाद मिळते. तिथं माणसं बसली होती आणि एक शब्द दोन बाजूंना झुकत होता, हे ऐकल्यावर मला दोन दिवस काही लिहवलं नाही.

मी भाच्याला विचारलं, ‘तुझ्यावर आला होता का असा प्रसंग?’

‘एकदा, मामू. विचार करायचाच नसतो तेव्हा. हात आधी हलले पाहिजेत, म्हणून सिम्युलेटरमध्ये पुन्हा पुन्हा घोटून घेतात. प्रवाशांचा चहासुद्धा सांडला नाही. मग “क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट” ऐकू आलं, नियंत्रकाला कळवलं, उतरल्यावर अहवाल लिहिला. झालं.’

‘भीती?’

‘ती हॉटेलात. रात्री.’ थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘अम्मीला सांगू नका.’

मी सांगितलेलं नाही. पण माझी आपा या वेळेला रोज रेडिओ लावते. आज तिनं लावला नसेल, एवढीच आशा.