सिस्टिक फायब्रोसिस : पोटातील व्याधी आणि अहिंसेचा विवेक

(सुवर्णमहोत्सवी सोहळ्यात शिवाजी पार्क, दादर येथे दिलेले व्याख्यान)



शिवाजी पार्कच्या मैदानावर खेळणाऱ्या प्रत्येक मुलाचा घाम खारटच असतो. परंतु ज्या बाळाचा पापा घेताच ओठांना मिठाची चव जाणवते, त्याच्या घामाची तपासणी अवश्य करून घ्यावी. सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात विकाराचे ते एक लक्षण होय. माता व पिता या दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच हा विकार होतो. ते जनुक १९८९ मध्ये सापडले. हा केवळ पाश्चात्त्यांचा रोग, हा समज चुकीचा ठरला आहे. भारतीय बालकांतही तो आढळतो.

या विकारात शरीरातील स्राव चिकट होतात. फुफ्फुसांचा त्रास खोकल्यातून कळतो. पोटातील हानी मात्र बराच काळ अबोल राहते. स्वादुपिंडाच्या नलिका तुंबून पाचकरस आतड्यात उतरत नाहीत. मूल भरपूर जेवते, तरी वाळत जाते. काही नवजात बालकांची पहिली शीच आतड्यात अडकते. पुढे मोठ्या वयातही लहान आतड्याच्या शेवटी चिकट मळ साचून उजव्या कुशीत कळा येतात आणि अपेंडिक्सचा भास होतो. यकृतात पित्त घट्ट होऊन सूक्ष्म नलिका बंद पडतात. काही रुग्णांत यकृत कठीण होते, प्लीहा वाढते, रक्ताची उलटीही होते. म्हणून दरवर्षी रक्ततपासणी व वैद्यांच्या सल्ल्याने सोनोग्राफी आवश्यक ठरते.

जैन कुटुंबापुढे येथे कठीण प्रश्न उभा राहतो. पचनासाठी द्यावयाच्या एन्झाइमच्या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. पपईच्या चिकाच्या पाचक गोळ्या त्यांची जागा घेऊ शकत नाहीत. त्यांनी स्निग्ध पदार्थ पचत नाहीत. हे कळताच कॅप्सूल गुपचूप बंद करणे घातक आहे. वैद्यांशी व गुरुमहाराजांशी उघडपणे बोलूनच निर्णय व्हावा. मात्र तो होईपर्यंत बालकाला उपाशी ठेवण्यात अहिंसा नाही. तोही एक पंचेंद्रिय जीवच आहे.

उपवासाचेही तसेच. शरीरातील पाणी कमी झाले की आतडे तुंबण्याचा धोका वाढतो; उन्हाळ्यात घामावाटे मीठही फार जाते. अशा रुग्णाला चौविहार उपवासाचा आग्रह कोणीही करू नये. पच्चक्खाणातही आगार असतात. व्याधीत समाधी टिकावी म्हणून औषधाची सवलत त्यांतच आहे. तपाची हौस त्याने स्वाध्यायाने, सामायिकाने भागवावी.

शास्त्रांनी औषधदान व अभयदान यांना श्रेष्ठ मानले आहे. ही औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. एका देणगीने हा खर्च भागत नाही. परळचे के.ई.एम. रुग्णालय २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ रोग धोरणातील निर्दिष्ट केंद्र आहे. तेथवर गरजू कुटुंबाला पोहोचविणे आणि दरमहा त्याच्या औषधांची चौकशी करणे, हे ट्रस्टला सहज शक्य आहे. पन्नास वर्षांच्या पुण्याईला यापरते दुसरे शोभादायक कार्य कोणते?

जय जिनेंद्र!