स्वस्त कोंबडीचा हिशेब
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर कोंबडीचा विषय काढणे औचित्यास धरून होईल की नाही, अशी शंका आमच्या मनात होती. समोर बसलेल्या शाकाहारी मंडळींची आरंभीच क्षमा मागतो. परंतु आजचा विषय खाण्याचा नसून हिशेबाचा आहे, आणि तो आमच्याच घरात शिरला, म्हणून हे धाडस.

गेल्या वर्षी संगमनेरजवळच्या आमच्या गावाहून पुतण्याचा दूरध्वनी आला. कर्ज काढून दोन शेड उभारावेत आणि एका कंपनीच्या करारावर ब्रॉयलर कोंबड्या वाढवाव्यात, असा त्याचा बेत. "काका, तुमचं सारं आयुष्य दिल्लीत हिशेबखात्यात गेलं. सांगा, सही करू का?" आमची आतापर्यंतची मजल गाझीपूरच्या मंडीतील कोंबडी कोपऱ्यावरच्या दुकानातून घरी आणण्यापुरती! उत्तर देण्यापूर्वी अभ्यास करणे भाग होते.

त्याच सुमारास आम्ही न्यू जर्सीस कन्येकडे जाऊन आलो होतो. तेथील कॉस्टको नामक अवाढव्य दुकानात सळईवर फिरवून भाजलेली, सुमारे दीड किलोची अख्खी कोंबडी ४ डॉलर ९९ सेंटला मिळते. २००९ पासून हा दर हललेला नाही. दाणा महागला, मजुरी वाढली, दर मात्र तोच. २०१५ साली त्या कंपनीच्या वित्तप्रमुखांनी उघड सांगितले होते, की हा दर टिकविण्यासाठी वर्षाकाठी तीन ते चार कोटी डॉलरच्या नफ्यावर पाणी सोडण्याची आमची तयारी आहे. औदार्य वाटते ना? पण ती कोंबडी ठेवलेली असते दुकानाच्या अगदी मागल्या भिंतीशी. तेथवर जाऊन परत येईपर्यंत गाडीत दूरदर्शन संचापासून मोज्यांपर्यंत काय काय पडलेले असते, ते आम्ही स्वतः अनुभवले आहे! शिवाय आत शिरण्यासच वार्षिक वर्गणी लागते, आणि कंपनीच्या नफ्याचा मोठा भाग त्या वर्गणीतूनच येतो. कोंबडी हे आमिष आहे, विक्रीचा माल नव्हे.

आपल्या मंडळास हे तंत्र अपरिचित नाही. आनंदमेळ्यात वडापाव पडत्या भावात विकून आपण मंडळींना नाटकाच्या तिकिटांपर्यंत नेतो, आणि खजिनदार वर्षभर तोंड पाडून बसतात.

दिल्लीत मात्र भाजलेली कोंबडी कच्चीहून स्वस्त कोठेही मिळत नाही. तंदूरवाल्याजवळ विकायला दुसरे असते काय, की ज्यात तो तोटा भरून काढील? उरलेल्या मालाची सोय मात्र येथेही आहे. तिकडे उरलेल्या कोंबडीचे सूप होते. इकडे सुकत चाललेली तंदुरी कोंबडी लोणी-टोमॅटोच्या रश्श्यात सोडण्यातून बटर चिकन जन्मले, अशी दर्यागंजच्या मोतीमहलची कथा आहे. ती युक्ती मुळात कोणाची, याचा वाद २०२४ साली दिल्ली उच्च न्यायालयात गेला, इतके तिचे मोल!

पण आमिष स्वस्त ठेवायचे, तर मुळात पक्षी स्वस्त हवा. आमच्या बालपणी कोंबडी पाहुण्यांसाठी कापली जाई. गावरान कोंबडी किलोभर वजनाची होण्यास पाच-सहा महिने लागत. आजचा ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत, सव्वातीन-साडेतीन किलो खाद्य खाऊन, दोन किलोंचा होतो. हे निवडक पैदाशीचे फळ, आणि भारतात ते रुजविण्यात मोठा वाटा पुण्यास मुख्यालय असलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाचा. त्याचे संस्थापक बी. व्ही. राव यांच्याच पुढाकाराने १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली. अंड्याचा भाव व्यापाऱ्याने नव्हे, उत्पादकाने ठरवावा, हा तिचा हेतू. आज दिल्लीत कोंबडी मटणाच्या निम्म्याहूनही कमी दरात मिळते.

आता या स्वस्ताईचा भार कोण वाहतो, ते पाहा. खर्चाचा दोनतृतीयांश किंवा त्याहून अधिक भाग खाद्याचा, म्हणजे मका आणि सोयापेंड यांचा. २०२१ साली सोयाबीन कडाडले, तेव्हा कोंबडी उद्योगाच्या मागणीवरून केंद्राने बारा लाख टन सोयापेंड आयातीस परवानगी दिली. मराठवाड्यातील सोयाबीन उत्पादक त्यावर संतापला, आणि तो संताप रास्त होता. एका शेतकऱ्याची स्वस्ताई ती दुसऱ्याची मंदी.

करारात कंपनी पिल्ले, खाद्य आणि औषधे देते. शेड, वीज, पाणी, तूस आणि मेहनत शेतकऱ्याची. मोबदला वाढलेल्या वजनाच्या किलोमागे, आणि खाद्य जास्त लागले की त्यात कपात. बाजारभाव कोसळल्यास तोटा बव्हंशी कंपनीचा, हे खरे. पण मग कंपनी पुढची पिल्लेच लांबणीवर टाकते. शेड रिकामा राहतो. बँकेचा हप्ता रिकामा राहत नाही. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा तेथील लाखो पक्षी नष्ट करावे लागले. २०२० च्या आरंभी तर रोग नव्हताच. कोंबडीतून करोना होतो या निव्वळ अफवेने भाव मातीस मिळाले, आणि कित्येकांनी पिल्ले जिवंत पुरली. ते वृत्त वाचून आम्हांस दोन दिवस अन्न गोड लागले नव्हते.

आणि पक्ष्याचे काय? पायांना न पेलणारे वजन घेऊन तो सहा आठवडे जगतो. हा रकाना आमच्या हिशेबात बसेना, आणि वगळताही येईना.

आम्ही पुतण्यास सविस्तर पत्र लिहिले. सही करू नकोस, असे लिहिण्याचा आम्हांस अधिकार नव्हता. दोन एकर कोरडवाहूवर त्याचे भागत नाही, आणि आम्ही येथे निवृत्तिवेतनावर सुखात आहोत. एवढेच विचारले, की वर्षाकाठी किती खेपा देणार, हे करारात लिहिले आहे काय? दोन खेपांमध्ये शेड किती दिवस रिकामा राहील? चार महिने पिल्ले आलीच नाहीत, तर हप्ता कोठून भरशील? पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याने कंपनीच्या माणसास विचारले. ते कागदावर नव्हते.

त्याने एकच शेड बांधला. दुसऱ्याच्या जागेवर यंदा मका लावला आहे. आतापर्यंत चार खेपा निघाल्या. तीन बऱ्या गेल्या, एकीत उन्हाळ्याने पक्षी मेले. पाचव्या खेपेची पिल्ले पुढल्या आठवड्यात येणार आहेत, असे काल रात्रीच त्याने कळविले.