संगणकावरच्या प्रयोगाची नोंद कशी ठेवायची?

चक्रीवादळाचा मार्ग, प्रथिनाच्या रेणूची घडी, विमानाच्या पंखावरून वाहणारी हवा, यांचा अभ्यास आज बऱ्याच वेळा संगणकावर, म्हणजे सिम्युलेशन करून होतो. प्रयोगशाळेतल्या प्रयोगाचा दंडक जुना आहे. उपकरण कोणतं, तापमान किती, रसायन कुठलं, हे सगळं वहीत उतरवायचं, म्हणजे दुसऱ्याला तोच प्रयोग करून पाहता येतो. संगणकावरच्या प्रयोगात मात्र पुष्कळसे शोधनिबंध प्रोग्रामचं नाव आणि फार तर त्याची आवृत्ती सांगून मोकळे होतात. तेवढ्यानं भागत नाही. उरलेली नोंद ठेवण्याचं आज हाताशी असलेलं सर्वांत व्यवहार्य साधन म्हणजे लिनक्स कंटेनर, असं माझं म्हणणं आहे.

आधी पुरावा पाहू. २०१४ मध्ये ‘नेचर प्रोटोकॉल्स’ या नियतकालिकात एक पद्धत प्रसिद्ध झाली. रेणूच्या एनएमआर वर्णपटाचं गणित करून त्याची रचना ताडून पाहायची, अशी ती पद्धत. गणिताचे निकाल एकत्र करायला सोबत छोट्या पायथन स्क्रिप्ट दिल्या होत्या. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या संशोधकांच्या लक्षात आलं, की फाइली त्याच, स्क्रिप्ट तीच, पण संगणक बदलला की उत्तर बदलतं. मॅकच्या मॅव्हरिक्स आवृत्तीवर आणि विंडोज १० वर १७३.२, तर उबुंटू या लिनक्सवर १७२.४. कारण ऐकून प्रोग्रामर मंडळींना हसू येईल. स्क्रिप्टनं गृहीत धरलं होतं, की फाइलींची यादी नेहमी नावांच्या क्रमानं मिळेल. पायथन तशी हमी देत नाही. यादी कुठल्या क्रमानं द्यायची ते ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. क्रम बदलला, की एका फाइलीतला आकडा दुसरीच्या आकड्याशी जोडला जाई, आणि कुठलीही तक्रार न करता चुकीचं उत्तर बाहेर पडे. मेंदूच्या एमआरआय चित्रांवरून मेंदूच्या भागांचं आकारमान आणि त्याच्या आवरणाची जाडी मोजणाऱ्या ‘फ्रीसर्फर’ प्रोग्रामचीही अशी तपासणी झाली. २०१२ च्या त्या अभ्यासात आवृत्ती बदलल्यावर आकारमानात सरासरी ८.८ टक्के फरक पडला. नुसता संगणक किंवा मॅकची आवृत्ती बदलल्यावरही त्याच्या साधारण निम्मा फरक दिसला. म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिच्यातली गणिती लायब्ररी हीसुद्धा प्रयोगाची उपकरणंच आहेत, आणि वहीत त्यांची नोंद नसते.

कंटेनर नेमका हीच नोंद ठेवतो. प्रोग्राम, त्याला लागणाऱ्या सगळ्या लायब्ररी, पायथनची ठरावीक आवृत्ती, असं सगळं एका इमेजमध्ये, म्हणजे एकाच गठ्ठ्यात, बांधलं जातं. लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, मात्र यजमान संगणकाचाच राहतो. चाळीतल्या खोल्यांना दारं-कुलपं वेगळी, पण पाया आणि पाण्याची टाकी सामाईक, तसा हा संसार असतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम दुसऱ्यांदा चालवावी लागते, कंटेनरमध्ये ती गरज नाही. आतला प्रोग्राम थेट त्याच कर्नलवर धावतो, त्यामुळे ‘हे सगळं गणित हळू करेल’ ही शंका बहुतेक ठिकाणी टिकत नाही.

सुरक्षेची शंका मात्र खरी होती. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरनं कंटेनर घरोघरी नेला, पण त्याची पडद्यामागची सेवा रूटच्या, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकारानं चालायची. ज्याच्या हाती ती सेवा, त्याच्या हाती अख्खं यंत्र. पुण्यात आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेत २०१८ साली आलेल्या ‘प्रत्यूष’सारखा महासंगणक अनेक जण एकाच वेळी वापरतात. तिथला व्यवस्थापक असा अधिकार कुणालाही देणार नाही, आणि देऊही नये. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ग्रेगरी कुर्त्झर यांनी सुरू केलेल्या सिंग्युलॅरिटीनं यावर तोडगा काढला. बाहेर तुम्ही जे वापरकर्ते, आतही तेच, आणि कंटेनर म्हणजे एक साधी फाइल. २०२१ मध्ये हा प्रकल्प लिनक्स फाउंडेशनकडे गेला आणि त्याचं नाव ॲपटेनर झालं.

कंटेनर पूर्ण बंद पेटी नसते, हेही मान्य करायला हवं. जीपीयूचा ड्रायव्हर यजमानाचा लागतो. हजारो प्रोसेसर एकमेकांशी बोलतात त्या एमपीआय लायब्ररीचं यजमानाच्या नेटवर्कशी जुळावं लागतं, आणि ते जुळवताना चांगल्या चांगल्यांची दमछाक होते. प्रोसेसर वेगळा असला तर बेरजांचा क्रम बदलून शेवटचे अंक हलू शकतात. हवामानासारख्या गणितात तो फरक पुढे वाढतही जातो. म्हणून कंटेनरसोबत यंत्राचा तपशीलही लिहावा लागतोच.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. उत्तर संगणकावर अवलंबून असेल, तर दोष प्रोग्रामचा. तो दुरुस्त करायचा सोडून पेटीत का बंद करायचा? हवाईच्या प्रकरणात कंटेनर असता, तर चुकीचं उत्तर सगळीकडे एकसारखं चुकीचं येऊ शकलं असतं. हे खरं आहे. कंटेनर बरोबर उत्तराची हमी देत नाही. पण चूक शोधायला आधी ती जशीच्या तशी पुन्हा घडवता यावी लागते. कंटेनरमधलं उत्तर आणि बाहेर, दुसऱ्या सिस्टिमवर आलेलं उत्तर ताडून पाहिलं, की फरक कुठून आला ते पायरीपायरीनं शोधता येतं. माझ्या मते दोन्हीकडे चालवून पाहिल्याशिवाय निकाल छापूच नये.

शेवटी संशोधक विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना एक विनंती. इमेज तयार करण्याची कृती, म्हणजे डेफिनिशन फाइल, आणि तयार इमेज, दोन्ही जपा. नुसती कृती पुरत नाही. सेंटओएस ८ ची मुदत २०२१ अखेर संपली, पुढच्याच महिन्यात तिची पॅकेजेस जुन्या पत्त्यांवरून हलली, आणि त्या पत्त्यांवर विसंबलेल्या कृती अडून बसल्या. नुसती इमेजही पुरत नाही, कारण आत काय आणि का घातलं ते तिच्यावरून चटकन कळत नाही. इमेजचा उल्लेख ‘लेटेस्ट’ असा करू नका, तो शब्द रोज वेगळ्या वस्तूकडे बोट दाखवू शकतो. तिचा चेकसम, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा, लिहा, आणि प्रबंध सादर कराल तेव्हा या दोन्ही फाइली त्याच्यासोबत ग्रंथालयात जमा करा.